लायसन्स खरे, पण वाट बंद

कासारवाडीत आमचा गणवेशाच्या कापडाचा धंदा आहे. भोसरी एमआयडीसीतल्या कारखान्यांना कामगारांचे शर्ट पुरवतो, खिशावर कंपनीचे नाव यंत्राने भरून देतो. त्याचे डिझाईन संगणकावर तयार होते. यंदा त्याचे सॉफ्टवेअर आम्ही रीतसर बिल घेऊन विकत आणले. बसवले, तर पडद्यावर एकच तक्रार: लायसन्स तपासता येत नाही. चारशे शर्टांची ऑर्डर अंगावर, तीन कारागीर हात बांधून बसलेले. पैसे भरूनही आपण चोर ठरतो की काय, अशी मनाची हालत.

शाळा आमची उर्दूतली. पडद्यावरची इंग्रजी वाचून डोके चालेना. शेवटी भाच्याला बोलावले. त्याने आधी दुकानाचे नेट काढून मोबाईलचे नेट जोडले. तरी तीच तक्रार. म्हणाला, "मामू, राउटरचा कसूर नाही. कुलूप आतून लागलंय."

खरी गोष्ट ही, की काही वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने याच संगणकावर त्याच सॉफ्टवेअरची फुकटची प्रत टाकली होती. आम्हीही खुशीने टाकून घेतली, हे कबूल करतो. अशी प्रत पकडली जाऊ नये म्हणून हे लोक संगणकाची कंपनीकडे जाणारी वाटच बंद करतात. विंडोजमध्ये 'होस्ट्स' नावाची एक फाईल असते, पत्त्यांची नोंदवहीच म्हणा. संगणक बाहेर विचारण्याआधी तीत पाहतो. तिथे कंपनीच्या पत्त्यापुढे १२७.०.०.१ लिहिले, की निरोप बाहेर न जाता स्वतःकडेच परत येतो. खोटी प्रत गेली, बंदी राहिली, आणि खरे लायसन्स तिच्यात अडकले.

ही फाईल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमाने सापडते. नोटपॅड 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडावे, नाहीतर बदल जतन होत नाही. आधी फाईलची नक्कल ठेवावी, मग फक्त त्या कंपनीच्या ओळी काढाव्यात. फायरवॉलच्या 'आउटबाउंड रूल्स'मध्येही त्या सॉफ्टवेअरवर बंदी आहे का ते पाहावे. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी होती. कंटाळून सगळी फायरवॉलच बंद करू नये. ते म्हणजे चावी सापडत नाही म्हणून दुकानाचे शटर उपटणे. तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही बघावे आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. आमचे काम अर्ध्या तासात झाले. वाया मात्र तीन दिवस गेले.

फुकटच्या प्रतीला स्वस्त समजणाऱ्यांनी कायदाही पाहावा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: जाणूनबुजून वापर केल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. उलट बिलावर घेतलेल्या सॉफ्टवेअरचा १८ टक्के जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याला वजावटीत मिळतो, कंपोझिशनवाल्यांना नाही.

दुकानातल्या दुसऱ्या संगणकावरची फुकटची प्रत त्याच संध्याकाळी काढली. त्यावर सध्या फक्त बिले बनतात.