मिठाईचं पाणी जोखताना

चैत्र लागला की सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात जत्रांचा हंगाम सुरू होतो. कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून धनगर समाजाचे भाविक लोटतात. गावोगावच्या जत्रा-उरूस वेगळेच. देवळाच्या वाटेवर एका अंगाला पाळणे आणि खेळणी, दुसऱ्या अंगाला मेवामिठाईची दुकानं. दर्शन झालं, भंडारा कपाळाला लागला, की पावलं आपोआप तिकडे वळतात. परातींत चिरमुरे, बत्तासे, जिलेबी आणि गोडी शेव यांच्या राशी रचलेल्या असतात. “पाव्हणं, खाऊन तर बघा,” म्हणत दुकानदार चार शेवा हातावर ठेवतो.

चार दुकानांतली शेव अशी हातावर घेऊन बघितली, तर चार तऱ्हा सापडतात. एक कुडुम वाजते, दुसरी दाताला चिकटते, तिसरी पिठूळ लागते, चौथीवर साखरेचे खडे जाणवतात. जिन्नस मात्र सगळीकडे तेच: बेसन, तेल, आणि साखर किंवा गूळ. मग फरक पडतो कुठे? पाण्यात. पाकात किती पाणी शिल्लक ठेवलं, ते कशात अडकवलं आणि हवेतून पुन्हा किती आत येऊ दिलं, यावर जत्रेतल्या मिठाईची चव, तिचा आवाज आणि तिचं टिकणं ठरतं. हे गणित हलवाई कढईपाशी उभ्या उभ्या सोडवतो, आणि आपली जीभ ते तपासू शकते.

बोटांमधली तार

साखर पाण्यात विरघळली की तिचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. त्यामुळे पाण्याची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. पाक जसजसा आटतो, तसतसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. म्हणजे पाकाचं तापमान कळलं की त्यात पाणी किती उरलं तेही कळतं. ११० अंश सेल्सियसच्या आसपास पाकात साधारण ८० टक्के साखर असते आणि बोटांत तार धरते. ११५ अंशांच्या पुढे साखर ८५ टक्क्यांवर जाते, पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी होते. १२५ अंशांच्या आसपास ती ९२ टक्के होते आणि गोळी पक्की बसते. १५० अंशांना पाण्याचा अंश जेमतेम एक टक्का राहतो. असा पाक गार झाला की काडकन मोडतो.

हलवायाकडे बहुधा तापमापक नसतो. तो झाऱ्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरतो, बोटं उघडतो आणि तार किती लांब ताणली जाते, तुटली की कशी मागे सरते, हे बघतो. ही चाचणी तापमानाची नाही, पाकाच्या दाटपणाची आहे, आणि इथे तिचा एक वेगळाच फायदा आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. कवठे महांकाळचं पठार सहाशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. कोकणातल्या स्वयंपाकघरात जमवलेले तापमानाचे आकडे इथे जसेच्या तसे वापरले, तर पाक दोन अंश पुढे जाईल आणि शेव कडक होईल. बोटांमधल्या तारेला मात्र उंचीचा फरक पडत नाही. ती थेट पाकाची घनता सांगते.

खडा की काच?

पाक आटला म्हणजे काम संपलं असं नाही. गार होताना साखरेपुढे दोन वाटा असतात. स्फटिक झाली तर तिचे रेणू प्रार्थनेला रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांसारखे शिस्तीत लागतात. तेवढा वेळच मिळाला नाही, तर शाळा सुटल्यावर जो तो जिथे असेल तिथेच थिजावा तसे विस्कळीत गोठतात. या दुसऱ्या अवस्थेला शास्त्रज्ञ काच म्हणतात. चिक्की ही साखरेची किंवा गुळाची काच आहे. खडीसाखर हा स्फटिक आहे.

साखरेची गोडी शेव करताना तळलेल्या जाड शेवेवर गरम पाक ओततात आणि झाऱ्यानं सतत हलवत राहतात. या ढवळण्यातच सगळी कला आहे. गार होणाऱ्या पाकात, त्या तापमानाला विरघळू शकेल त्याहून जास्त साखर असते. ढवळल्यामुळे तिच्यात एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिक धरू लागतात. साखर त्या सगळ्यांत वाटली जाते, म्हणून प्रत्येक स्फटिक बारीक राहतो आणि शेवेवर पांढरा, मऊसूत थर बसतो. ढवळायला हात आखडला तर थोडेच स्फटिक धरतात आणि तेच मोठे होत जातात. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा मोठा कण जिभेला खरखरीत लागतो. चौथ्या दुकानातले खडे असे तयार झालेले असतात.

गुळाच्या शेवेचा स्वभाव वेगळा. गुळात सुक्रोजबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. हे परके रेणू मध्ये घुसले की सुक्रोजची रांग नीट लागत नाही. म्हणून गुळाचा पाक पांढरा थर न धरता तकतकीत, काचेसारखा राहतो. साखरेच्या पाकात लिंबू पिळण्यामागचं कारणही हेच: आम्लामुळे थोडं सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि जिलेबीच्या पाकावर साखर धरत नाही.

बत्तासा याच पाकाचा, पण त्यात सोडा पडतो. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड दाट पाकात अडकतो आणि बुडबुड्यांसकट साखर घट्ट होते. पातळ भिंतींची ही साखर लाळेला चारही बाजूंनी भिडते, म्हणून बत्तासा जिभेवर ठेवताच विरतो.

जत्रेतल्या पोरांचे लाडके म्हातारीचे केस म्हणजे तर निव्वळ काच. वितळलेली साखर गरगर फिरणाऱ्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर फेकली जाते आणि रांग लागायच्या आत हवेतच गोठते. हे यंत्र १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम मॉरिसन या दातांच्या डॉक्टरानं आणि जॉन व्हॉर्टन या मिठाईवाल्यानं मिळून तयार केलं. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या साखरेच्या तंतूंची ६८ हजारांहून अधिक खोकी खपली. ब्राउनीचं मूळही असंच प्रदर्शनाशी जोडतात: १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिथल्या पामर हाउस हॉटेलात डब्यातून नेता येईल असा चॉकलेटचा केक केला गेला, अशी परंपरा सांगते. ब्राउनीच्या वरची पातळ चकचकीत पापडी म्हणजे अंड्याच्या पाण्यात विरघळलेली आणि भट्टीत वरच्यावर वाळलेली साखर. आत ओलसर, वर काच. देश कोणताही असो, जत्रेत विकायची गोड वस्तू हातात धरता आली पाहिजे आणि घरापर्यंत टिकली पाहिजे; म्हणून सगळीकडचे कारागीर पाण्याशी अशीच झटापट करत आले.

चैत्रातली शेव, श्रावणातली शेव

साखरेची काच हवेतलं पाणी ओढते. पूर्ण कोरडी असताना ती साठ-सत्तर अंशांपर्यंत कडक राहते, पण थोडा जरी ओलावा शिरला तरी हे तापमान झपाट्यानं खाली येतं. ते हवेच्या तापमानाखाली घसरलं की काच मऊ पडते आणि चिकटू लागते. कवठे महांकाळ हा अवर्षणप्रवण तालुका. चैत्रातल्या कोरड्या हवेत उघड्या परातीतली गुळाची शेव दिवसभर कुरकुरीत राहू शकते. तीच शेव श्रावणी सोमवारी दंडोबाच्या डोंगरावर नेली, तर ढगाळ, दमट हवेत काही तासांत बोटांना चिकटते. गुळातलं फ्रुक्टोज ओलावा विशेष हौसेनं धरतं, म्हणून साखरेच्या शेवेपेक्षा गुळाची आधी पाझरते. जाणता हलवाई पावसाळ्यात पाक थोडा पुढे नेतो आणि परातीवर प्लास्टिक ओढतो. दोन्हींचा हेतू एकच: हवेतल्या पाण्याला आत वाट मिळू नये.

टिकाऊपणाचं कोडंही इथेच सुटतं. एखाद्या पदार्थात पाणी किती आहे, याहून त्यातलं किती पाणी जीवजंतूंना वापरता येतं हे महत्त्वाचं. शास्त्रज्ञ ते ० ते १ अशा मापात मोजतात. शुद्ध पाण्याचं मूल्य १. बहुतेक जीवाणू ०.९ च्या खाली वाढत नाहीत, बहुतेक बुरश्या ०.८ च्या खाली थांबतात, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. साखर पाण्याला बांधून ठेवते, म्हणून बत्तासे आणि गोडी शेव उघड्यावरही नासत नाहीत. दुधाच्या पेढ्यात मोकळं पाणी जास्त असतं, त्यामुळे उन्हात त्याचा भरवसा धरता येत नाही.

या तालुक्याला हे तत्त्व नवीन नाही. इथल्या द्राक्षबागांच्या कडेला बेदाण्याच्या शेडची जाळी दिसते. द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवले की सालीवरचं मेणाचं आवरण ढिलं होतं आणि पाणी बाहेर पडायला वाट मिळते. सावलीत, वाहत्या कोरड्या हवेवर ते साधारण १५ टक्क्यांवर येतं. पाणी कमी झालं, उरलेलं साखरेनं बांधलं, आणि बेदाणा महिनोन्‌महिने टिकला. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे इथली कोरडी हवा मोठी आहे, आणि जत्रेतली शेव याच हवेच्या जोरावर कुरकुरीत राहते.

जिलेबी पाक पिते तेव्हा

जिलेबीचं तंत्र मात्र उलटं: तिच्यात पाणी मुद्दाम आत घ्यायचं असतं. मैदा आणि दह्याचं पीठ रात्रभर आंबतं. दह्यातले जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, यीस्ट वायू सोडतं. तापलेल्या तेलात पिठाची धार पडली की आतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडताना पोकळ नळ्या राहतात आणि वर कडक कवच धरतं. तेलातून काढताच आतली वाफ गार होऊन आक्रसते, आतला दाब कमी होतो, आणि कोमट पाकात टाकलेली जिलेबी पाक आत ओढून घेते. पाक फार दाट असेल तर तो आत शिरत नाही, वर नुसता थापला जातो. फार पातळ असेल तर कवच भिजून मऊ पडतं. चांगली जिलेबी मोडली की आधी बारीक आवाज येतो आणि मग रस येतो.

चव घ्यायची कशी?

पहिलं काम कानाचं. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००४ मध्ये दाखवून दिलं की बटाट्याचे वेफर्स चावण्याचा आवाज मोठा करून ऐकवला, तर लोकांना तेच वेफर्स जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटतात. म्हणून शेव गोंगाटापासून जरा बाजूला जाऊन मोडावी.

मग जीभ. शेव लगेच न चावता जिभेवर दाबून धरावी: खडे लागतात की थर मऊसूत विरघळतो, हे तेव्हाच कळतं. त्यानंतर नाक. घास तोंडात असताना नाकपुड्या चिमटीत धराव्यात. नुसता गोडपणा उरतो. चिमटी सोडली की घशामागून वास नाकात चढतो आणि गुळाचा खमंगपणा, बेसनाचा भाजका वास, तेलाची जात, सगळं एकदम उमगतं. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा वाटा या वासाचा असतो.

तापमानाचंही भान ठेवावं. गोड चवीचा संदेश पुढे नेणारा जिभेवरचा एक प्रथिन-मार्ग १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमानासोबत जास्त सक्रिय होतो, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. गरम जिलेबी गारपेक्षा गोड लागते, याचं हे एक कारण. म्हणून गरमची तुलना गरमशीच करावी. लागोपाठ गोड खाल्लं की जीभ सरावते आणि नंतरच्या दुकानावर अन्याय होतो. मध्ये मूठभर चिरमुरे आणि घोटभर पाणी घेतलं की ती पुन्हा ताळ्यावर येते.

आणि डोळे उघडे ठेवावेत. भडक पिवळ्या जिलेबीत मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग असू शकतो. परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांनाही किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हातारीच्या केसांच्या नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडल्यावर २०२४ मध्ये तामिळनाडूनं त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तळणीचं तेल काळं, फेसाळ आणि धुरकट दिसत असेल तर ते पुन्हा पुन्हा तापवलेलं समजावं. तेलातली खराब झालेली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा नियम २०१८ पासून लागू आहे. तेलकट मिठाई वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेऊ नये, कारण शाई तेलात उतरते.

हे टिपून ठेवायला हवं

तारेची ही पारख कुठल्या अभ्यासक्रमात नाही. ती बापाकडून पोराकडे, कढईपाशी उभं राहूनच गेली. तयार पाकिटातली मिठाई खेड्यापाड्यांत पोचली आहे, आणि पालं टाकून जत्रा करणाऱ्या घरांतली पुढची पिढी दुसऱ्या धंद्यांकडे वळली, तर ही विद्या बघता बघता नाहीशी होईल. ती वाचवणं अवघड नाही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी ज्वालामुखीचे आणि जलचक्राचे देखावे मांडले जातात. त्याऐवजी एखाद्या शाळेनं दोनशे अंशांपर्यंत मोजणारा तापमापक, हवेतली आर्द्रता मोजणारं साधं यंत्र आणि वही घेऊन, हलवायाची परवानगी काढून त्याच्या कढईपाशी दिवसभर उभं राहावं. एकतारीला तापमान किती, पक्क्या गोळीला किती, हवा दमट झाली की तो पाक किती अंश पुढे नेतो, हे मुलांनी मोजून लिहावं आणि वहीवर हलवायाचं नाव सहसंशोधक म्हणून घालावं. तो मान त्याचा आहे, आणि असं काम या मातीतल्या कोणत्याही शाळेला पुढच्या चैत्रात सहज करता येईल.