गॅस गिझरला किती हवा लागते?

हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी अधूनमधून वाचायला मिळते. आंघोळीला गेलेले कोणीतरी बराच वेळ बाहेर येत नाही, हाकांना उत्तर मिळत नाही, शेवटी दार तोडावे लागते. मथळा बहुधा 'गिझरमधून गॅसगळती' अशा धर्तीचा असतो.

ही बातमी वर्गात चर्चेला आली, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, गॅस गळत होता, तर वास कसा आला नाही?" प्रश्न रास्त आहे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती चटकन कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. गळती असती तर वास आला असता. मग माणूस बेशुद्ध पडतो तो कशाने?

अशा बऱ्याच अपघातांत गॅस गळत नसतो, जळत असतो. पण नीट जळत नसतो. गळती हुंगण्याची सवय आपल्याला आहे, हवेचा विचार करण्याची नाही. म्हणून या लेखात आपण गिझरला लागणाऱ्या हवेचा हिशेब करणार आहोत.

बंब आणि गिझर

आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी पाणी तापायचे ते तांब्याच्या बंबात. मधोमध उभी नळी, तिच्यात लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसा आणि भोवती पाणी. बंब बहुधा परसात किंवा पडवीत असायचा, कारण तो धूर करायचा. डोळे चुरचुरले की माणूस आपोआप बाजूला व्हायचा.

गॅस गिझर हा तत्त्वतः छोटा बंबच आहे. खाली बर्नर, वर पाण्याची तांब्याची नळी आणि तिला जोडलेल्या पातळ पट्ट्या. नळ उघडला, की पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, गॅसची झडप उघडते, बॅटरीवर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. ज्वलनातून निघालेले गरम वायू पट्ट्यांमधल्या फटींतून वर जातात आणि गिझरच्या माथ्यावरून बाहेर पडतात. धूर दिसत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. इतके स्वच्छ यंत्र बाहेर कशाला ठेवायचे, असे वाटून आपण ते न्हाणीघरात आणले. तेही दार-खिडकी घट्ट लागणाऱ्या, फ्लॅटमधल्या लहानशा न्हाणीघरात.

फळ्यावरचे गणित

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सियसने तापवणारा गिझर घेऊ. पाण्याला दर मिनिटाला ६ × २५ = १५० किलोकॅलरी उष्णता मिळायला हवी. पाचवा भाग वाया जातो असे धरले, तर गॅसमधून सुमारे १९० किलोकॅलरी यायला हव्यात. एक किलो एलपीजी जळाल्यावर साधारण ११,००० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे मिनिटाला १७ ग्रॅम, तासाला सुमारे एक किलो गॅस जळतो. शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या हे चार-पाच पट आहे.

एलपीजीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ब्युटेनच्या पूर्ण ज्वलनाचे समीकरण विद्यार्थ्यांकडून संतुलित करून घ्यावे. ब्युटेनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात. वजनात सांगायचे, तर १ ग्रॅम ब्युटेनला सुमारे ३.६ ग्रॅम ऑक्सिजन. आपल्या १७ ग्रॅम गॅसला ६१ ग्रॅम ऑक्सिजन लागेल आणि एवढा ऑक्सिजन सुमारे २२० लिटर हवेत असतो.

आता न्हाणीघर मोजू. लांबी ६ फूट, रुंदी ५ फूट, उंची ८ फूट. हे झाले २४० घनफूट, म्हणजे जवळजवळ ६,८०० लिटर हवा. दार-खिडकी पूर्ण बंद असेल, तर दहा मिनिटांत २,२०० लिटर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश हवेतला ऑक्सिजन गिझर वापरून टाकील. ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला साडेचार मिनिटेही लागणार नाहीत.

प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा आत येते, त्यामुळे वेळ याहून जास्त लागतो. वीस लिटरची बादली भरायला साडेतीन मिनिटे पुरतात आणि बादली भरून नळ बंद केला, की गिझरही विझतो. पण शॉवरखाली पंधरा मिनिटे उभे राहणाऱ्याचे, किंवा घरातल्या चौघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्यावर आत जाणाऱ्या पाचव्याचे काय? तो आधीच वापरलेल्या हवेत शिरत असतो.

अर्धवट जळलेला कार्बन

ऑक्सिजन भरपूर असला, की गॅसमधल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. ऑक्सिजन कमी पडू लागला, की काही कार्बन अर्ध्या वाटेवरच थांबतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला, की त्याचे प्रमाण झपाट्याने वाढू लागते. या वायूला रंग नाही, वास नाही, घसा खवखवत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. कार्बन मोनॉक्साइडची घनता जवळजवळ हवेइतकीच असल्याने तो खोलीभर मिसळतो.

हा वायू रक्तात काय करतो? हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ २०० पटींहून अधिक असते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड अवघा ०.१ टक्का असला, तरी पुरेसा वेळ मिळाल्यास निम्मे हिमोग्लोबिन या वायूने अडवले जाते. उरलेले हिमोग्लोबिनही आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहजासहजी सोडत नाही. त्यात बंद खोलीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वास जलद होतो आणि विषारी वायू आणखी वेगाने आत जातो.

लक्षणे फसवी असतात: डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे. पित्त झाले असेल, उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून असेल, असे वाटते. नंतर पायांतले बळ जाते. धोका कळला, तरी उठून कडी काढण्याइतकी ताकद उरत नाही. काही रुग्णांना झटके येतात आणि त्यांना अपस्माराचा आजार असल्याचा समज होतो. भारतातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी केल्या असून 'गॅस गिझर सिंड्रोम' हे नाव वैद्यकीय लिखाणात रूढ झाले आहे.

कोळशाच्या खाणींतल्या या वायूचा अभ्यास जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला. माणसाच्या आधी लहान प्राण्यावर परिणाम दिसतो, म्हणून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत पडली. ब्रिटनमधल्या खाणींत ती १९८६ पर्यंत चालू होती. आपल्या न्हाणीघरात कॅनरी नसतो. तेथे पहिला इशारा मिळतो तो आपल्याच डोकेदुखीतून.

कंदिलाचा प्रयोग

हवेची ये-जा वर्गात दाखवायला जुना कंदील पुरेसा आहे. ज्योत नीट लावून घ्यावी. मग बर्नरच्या खालची भोके ओल्या फडक्याच्या पट्टीने हळूहळू झाकावीत. ज्योत लांबते, पिवळी-तांबूस होते, काच काजळते. पट्टी काढली, की ज्योत सावरते. आता काचेच्या वरच्या तोंडावर पत्र्याचा तुकडा चिमट्याने क्षणभर धरावा. खालची भोके उघडी असूनही ज्योत मलूल होते. वापरलेली हवा बाहेर गेली नाही, तर ताजी हवा आत येत नाही, हे मुलांच्या चटकन लक्षात येते. खिडक्या उघड्या ठेवून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.

प्रयोगशाळेत बन्सन बर्नर असेल, तर त्याची हवेची खिडकी बंद-उघडी करून पिवळी आणि निळी ज्योत दाखवता येते. पिवळा रंग तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. गिझरची ज्योत सतत पिवळी दिसू लागली, की ती दुरुस्तीची सूचना समजावी. मात्र उलटे गृहीत धरू नये. ज्योत निळी आहे म्हणून कार्बन मोनॉक्साइड मुळीच नाही, असे म्हणता येत नाही.

थंड देशांतली भट्टी

आपल्या ओळखीची अनेक कुटुंबे आज अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत. तेथे बऱ्याच घरांत तळघरात गॅसची भट्टी, म्हणजे फर्नेस असते. तिच्यात हवेचे दोन प्रवाह असतात. एक ज्योतीचा, तो धुराड्यातून बाहेर जातो. दुसरा घरातल्या हवेचा. पंखा तो गाळणीतून ओढून तापलेल्या धातूच्या कप्प्यांभोवतून फिरवतो आणि खोल्यांत पाठवतो. दोन्हींमध्ये फक्त धातूचा पातळ पडदा असतो.

गाळणी धुळीने भरली, की दुसरा प्रवाह मंदावतो, धातूला थंडावा मिळत नाही आणि तो जास्त तापतो. तापमान मर्यादेबाहेर गेले, की सुरक्षा-स्विच गॅस बंद करतो. हे वारंवार घडत राहिले, तर प्रसरण-आकुंचनाने कालांतराने धातूला तडा जाऊ शकतो आणि ज्योतीचे वायू घरातल्या हवेत मिसळण्याची भीती निर्माण होते. म्हणून तेथे गाळणी साधारण एक ते तीन महिन्यांनी बदलतात, भट्टी वर्षातून एकदा तपासून घेतात आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची धोकासूचक घंटा लावतात. इलिनॉय राज्यात २००७ पासून ही घंटा कायद्यानेच सक्तीची आहे. आपल्या गिझरला धुराडे क्वचितच जोडलेले असते. तो ज्योतीचे वायू सरळ आपल्याच हवेत सोडतो.

गिझरची निगा

पहिली गोष्ट जागेची. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. बाहेर लावतानाही तो न्हाणीघराच्या खिडकीखाली किंवा इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये लावू नये. आतला एक्झॉस्ट पंखा बाहेरची हवा खिडकीतून ओढतो आणि गिझरचे वायू तिच्याबरोबर परत आत येतात.

गिझर आज आतच असेल आणि लगेच हलवता येत नसेल, तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, खिडकी उघडी ठेवावी आणि मगच आंघोळीला बसावे. चालू गिझरखाली शॉवर घेऊ नये. हवा आत यायला खाली आणि बाहेर जायला वर, अशी कायम उघडी राहणारी जाळी बसवावी. थंडी वाजते म्हणून या जाळीत कागद कोंबू नये. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा गिझर पूर्ण सुरक्षित असतो असेही नाही. वीस मिनिटांत काय होऊ शकते ते आपण वर पाहिलेच.

दुसरी गोष्ट सफाईची. पट्ट्यांमधल्या फटींत धूळ, काजळी, कोळ्याची जाळी साचली, की कंदिलाच्या वरच्या तोंडावर पत्रा धरल्यासारखेच होते. वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, जाणकार कारागिराकडून बर्नर आणि पट्ट्या साफ करून घ्याव्यात. गॅसच्या भोकात स्टोव्हची पिन घालण्याचा मोह टाळावा. भोक मोठे झाले, की गॅस जास्त येतो आणि हवा त्या मानाने कमी पडते. पाणी आत येते तेथे बारीक जाळी असते. ती मात्र गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून, गिझर थंड झाल्यावर आपल्यालाही धुता येते. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. सांधे साबणाच्या फेसाने तपासावेत, काडी ओढून कधीही नाही.

कोणी बेशुद्ध पडले तर

दार उघडून आधी हवा येऊ द्यावी, गॅस बंद करावा, माणसाला ताबडतोब मोकळ्यावर आणावे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असेल, तर शिकलेल्या व्यक्तीने कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब देणे सुरू करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे वाक्य आवर्जून सांगावे. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड जोडलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे आकडा चांगला दिसू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तासा-दीड तासात तेवढे काम होते. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला, तरी रुग्णालय टाळू नये.

पाठाच्या शेवटी मुलांना एक गृहपाठ द्यावा. आपल्या घरातले न्हाणीघर मोजायचे, त्यात किती लिटर हवा मावते ते काढायचे आणि गिझर असल्यास त्याची हवा कोठून येते, कोठून जाते याची आकृती काढायची. पुढच्या वर्षी शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहणाऱ्या बारावीच्या मुलांकडून तर हे नक्की करून घ्यावे. तेथे दाराबाहेरून हाक मारायला घरचे कोणी नसेल.