अस्सल भागांचे खोटे घड्याळ : जुन्या मनगटी घड्याळांची पारख

जुन्या मनगटी घड्याळाबाबत 'खरे की खोटे' एवढे विचारून भागत नाही. चावीच्या साध्या घड्याळातही शंभराहून अधिक सुटे भाग असतात आणि पन्नास-साठ वर्षांच्या वापरात त्यांतले काही ना काही बदलावेच लागते. काच तडकते, चावी झिजते, स्प्रिंग तुटते. म्हणून जाणकार संग्राहक घड्याळ भागाभागाने तपासतात. कोणता भाग कारखान्यातून आला, कोणता नंतर बसवला, आणि बसवलेला भाग त्याच मॉडेलचा व त्याच काळातला आहे का, हे ते पाहतात.

या तपासणीतून ढोबळमानाने चार प्रकार निघतात. पहिल्या प्रकारच्या घड्याळाला तेल-सफाईपलीकडे कोणाचा हात लागलेला नसतो. दुसऱ्याची दुरुस्ती झालेली असते, पण कंपनीच्याच योग्य भागांनी. तिसरे दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले असते. संग्राहक त्याला 'फ्रँकनवॉच' म्हणतात. चौथ्याचा डायल नव्याने रंगवलेला असतो किंवा काही भागच नकली असतात. पहिल्याकडून चौथ्याकडे जाताना किंमत उतरत जाते. फसवणूक होते ती बहुधा तिसरा किंवा चौथा प्रकार पहिला म्हणून खपवला जातो तेव्हा.

डायलवर सगळी भिस्त

जुन्या घड्याळाच्या किमतीचा मोठा हिस्सा डायलमध्ये असतो, आणि ओल, ऊन व घाम यांचा मारही त्यालाच अधिक बसतो. त्यामुळे डायल रंगवून घेण्याची प्रथा जगभर जुनी आहे. ज्याला रोज हातात घालायचे, त्याला डागाळलेल्या डायलपेक्षा स्वच्छ डायल बराच वाटत असे. कंपन्यांची सर्व्हिस सेंटरेही पूर्वी जुना डायल आणि काटे काढून नवे बसवून देत. ती सेवा होती, लबाडी नव्हती. संग्राहकांचा बाजार वाढल्यावर मात्र तेच बदल किंमत पाडू लागले.

रंगवलेला डायल दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली सहसा सापडतो. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नेमक्या जुळतात. रंगवलेल्या डायलवर शाई पसरलेली दिसते, कंपनीचे नाव किंचित तिरके असते, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा जाड थर साचतो. सेकंदाचे छोटे वर्तुळ असेल तर त्याच्या रेघा खोलगट भागाच्या मध्याशी जुळत नाहीत. सहाच्या आकड्याखाली 'स्विस' किंवा 'स्विस मेड' ही बारीक अक्षरे एक तर नसतात किंवा काठाखाली निम्मी झाकली जातात.

मुंबई स्पेशल

या व्यवहाराच्या एका शाखेला देशोदेशीच्या संग्राहकांनी मुंबईचे नाव दिले आहे. 'मुंबई स्पेशल' म्हणजे जुने, चालते मशीन, घासूनपुसून चकचकीत केलेली किंवा नवी केस आणि नव्याने रंगवलेला डायल. त्यावर फाव्र-ल्युबा, कॅमी, सेको, सिटिझन, एचएमटी अशी नावे छापलेली असतात. मुंबईचा घड्याळांशी संबंध जुना आहे. फाव्र-ल्युबाने १८६५ मध्येच येथे बस्तान बसवले आणि वेस्ट एंड वॉच कंपनीही एकोणिसाव्या शतकातच या शहरात उभी राहिली. पुढे आयातीवरच्या निर्बंधांमुळे मूळ सुटे भाग मिळणे अवघड झाले. मग एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला बसवून काम भागवणे हे घड्याळजींचे रोजचे कौशल्य बनले. इंटरनेटवर परदेशी गिऱ्हाईक मिळू लागल्यावर याच कौशल्यातून विक्रीसाठी घड्याळे 'तयार' होऊ लागली.

एचएमटीच्या घड्याळांत ही बाब ठळक दिसते. या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावे घराघरांत पोहोचली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याच्या निर्णयाला मंजुरी दिली. उत्पादन थांबत गेले तशी जुन्या नगांची मागणी वाढली आणि कंपनीने कधी काढलेच नाहीत अशा भडक रंगांतले 'पायलट'ही बाजारात आले. अनेक मॉडेलांत एकाच कुळातले मशीन असल्यामुळे एकाचा डायल दुसऱ्यावर बसवणे सोपे जाते. म्हणूनच येथे मशीन अस्सल आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. डायलवरचे मॉडेल, मागच्या झाकणावरची अक्षरे, काट्यांची घडण आणि केसचा आकार ही सगळी त्याच मॉडेलच्या खात्रीच्या नगाशी ताडून पाहावी लागतात.

अंधारात चमकणारा पुरावा

काटे आणि आकड्यांवरचे चमकणारे द्रव्य काळाची खूण सांगते. १९६० च्या दशकापर्यंत रेडियम वापरले जाई. नंतर त्याची जागा ट्रिटियमने घेतली आणि स्विस डायलच्या तळाशी त्यासाठी 'टी' हे अक्षर येऊ लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्ग नसलेली द्रव्ये रूढ झाली. म्हणजे १९५० च्या दशकातल्या म्हणून दाखवलेल्या घड्याळाच्या डायलवर 'टी' असेल, तर तो डायल नंतरचा आहे.

ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे आहे. पन्नास वर्षांत त्याचा जेमतेम सोळावा भाग उरतो. त्यामुळे जुन्या ट्रिटियमचा डायल रात्रभर लखलखत असेल, तर त्यावर नवे द्रव्य भरले आहे हे उघड होते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. त्याच्याबरोबरचा चमकणारा पदार्थ थकून डायल अंधारात दिसेनासा होतो, पण किरणोत्सर्ग चालूच राहतो. रेडियमचे काटे वर्षानुवर्षे एकाच जागी थांबले असतील तर त्यांच्याखाली डायलवर तपकिरी सावली उमटते. असा डायल उघडून खरवडणे आरोग्याला धोक्याचे असते.

केस आणि पॉलिश

पट्टा ज्यात अडकतो त्या लग्जच्या कडा कारखान्यातून येताना धारदार असतात. दर पॉलिशला थोडा धातू जातो, कडा गोल होतात, लग्ज बारीक होतात, कोरलेले क्रमांक पुसट होतात. चकाकी पाहून नवखे गिऱ्हाईक भुलते. जाणकार ओरखडे असलेली पण धारदार केस पसंत करतो. आता लेझर वेल्डिंगने गेलेला धातू पुन्हा भरताही येतो. काम सुबक झाले तरी तो बदलच आहे आणि विकताना तो सांगायला हवा.

कागदपत्रांची मर्यादा

मशीनचा क्रमांक दिल्यास पाटेक फिलिप, लाँजिन यांसारख्या कंपन्या आपल्या दफ्तरातला तपशील देतात. तो उपयोगी असतो. पण त्या क्रमांकाचे घड्याळ एके काळी बनले होते, इतकेच त्यातून कळते. समोरचे घड्याळ पूर्णपणे तेच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

ओमेगा स्पीडमास्टरच्या प्रकरणाने हे दाखवून दिले. १९५७ मध्ये आलेल्या या मॉडेलच्या पहिल्या पिढीतले, तपकिरी पडलेल्या डायलचे एक घड्याळ नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात विकले गेले. अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा होता. विक्रीची किंमत ३१ लाखांपलीकडे गेली. घेणारे ओमेगाचेच संग्रहालय होते. जून २०२३ मध्ये कंपनीने ते घड्याळ बहुतांशी ओमेगाच्याच, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या भागांतून जुळवलेले असल्याचे सांगितले आणि या व्यवहारात तीन माजी कर्मचारी गुंतल्याचेही म्हटले.

याउलट मालकी अखंड सिद्ध झाली की बदलही मोलाचा ठरतो. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरना गेले. गाडी सांभाळून चालवण्याची सूचना त्याच्या झाकणावर पत्नीने कोरून घेतली होती. एरवी मागचे कोरीव काम किंमत कमी करते. येथे तेच ओळखीची खूण ठरले. या मॉडेलचे न्यूमन यांच्या घड्याळावर होते तसले डायल मुळात कमी खपत असत. आज ते दुर्मीळ आहेत, म्हणून साध्या डेटोनावर असा डायल चढवण्याचा मोह मोठा असतो.

उघड बदल

प्रत्येक बदललेले घड्याळ फसवे नसते. सेकोच्या घड्याळांचे डायल, काटे, काचा हौसेने बदलणारे लोक जगभर आहेत आणि ते आपले काम बदललेले म्हणूनच दाखवतात. रोज वापरण्यासाठी आजोबांच्या घड्याळाचा डायल रंगवून घेण्यातही गैर काही नाही.

खरेदी करताना डायल, काटे, केस, मशीन आणि झाकणाची आतली बाजू यांचे स्पष्ट फोटो मागावेत. कोणते भाग बदलले हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि शक्य असेल तर पैसे देण्यापूर्वी घड्याळजीकडून झाकण उघडून पाहावे. दुरुस्ती करून घेताना काढलेला मूळ डायल, काटे वा चावी घड्याळजीकडून परत मागून घ्यावी आणि घड्याळासोबत जपावी. भाग हाताशी असेल तर बदल उलटवता येतो आणि पुढच्या मालकाला काय मूळचे, काय नंतरचे, हे विचारावे लागत नाही.