चाई नव्हे, वण

केस जाण्याला आपल्याकडे दोनच नावे पटकन सुचतात : टक्कल आणि चाई. या दोन्हींत केस जातो, पण त्याचे बीज कातडीत शिल्लक असते. तिसऱ्या, विरळा प्रकारात बीजच नष्ट होते. त्याचे नाव ‘फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हान्स’. पॅरिसचे डॉक्टर कँको यांनी १८८८ मध्ये त्याचे वर्णन केले.

टाळूवर किंवा डोक्याच्या मागे केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, पू धरतो, खपली बसते. खाज सुटते, दुखते. पुळी बरी होते तिथे गुळगुळीत वण उरतो आणि त्यावर छिद्रेच दिसत नाहीत. कडेला मात्र एकाच छिद्रातून बाहुलीच्या केसांसारखा झुपका निघालेला दिसतो.

पुवात बहुधा ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जिवाणू सापडतो. तो कित्येक निरोगी माणसांच्या नाकातही असतो. म्हणून केवळ जिवाणू नव्हे, तर त्याच्यावर उठणारा शरीराचा अतिरेकी प्रतिकार हे कारण मानले जाते. रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शहारा आणणारा बारीक स्नायू केशमुळाला जिथे चिकटतो, तिथे नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी असतात. दाह नेमका तिथवर पोचतो.

सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्ताविषयी म्हटले आहे की, केस गळल्यावर कफ व रक्त रोमकूप अडवतात आणि दुसरा केस उगवत नाही. केस गळणे आणि वाट बंद होणे या दोन निराळ्या घटना आहेत, हे तेव्हाही ओळखले होते. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड भागात लोकांचे केस काही दिवसांतच गेले. ते दृश्य भयंकर होते. तरी मुळे शाबूत असल्याने पुढे अनेकांना केस आले. वणाच्या रोगात गळती सावकाश होते, पण केस परतत नाहीत.

म्हणूनच चाई समजून महिनोन्‌महिने कांद्याचा रस किंवा बिब्बा लावण्यात गेलेला वेळ महाग पडतो. बिब्ब्याने तर कातडी आणखी पोळते. मनीषनगरच्या माणसाला मिहानचे एम्स, मेडिकल, मेयो सारेच आवाक्यात आहे. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याच्या जिवंत कडेचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात. औषधे म्हणजे डॉक्सिसायक्लिन, किंवा क्लिंडामायसिनसोबत क्षयरोगात वापरले जाणारे रिफॅम्पिसिन. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. थांबवल्यावर रोग पुन्हा उसळू शकतो. गेलेले केस त्यांनी येत नाहीत. उरलेले वाचवता येतात. दुखणारी, पुवाची पुळी आणि तिच्यामागे गुळगुळीत चट्टा दिसला, तर तेल बदलत बसू नये.