दात आधी, शब्द नंतर

पहिली तीन वर्षं : लेखांक ७

मागच्या लेखात आपण हट्टाचा विचार केला. त्याच वयातली, पण आईबापांना हट्टापेक्षाही जास्त लागणारी गोष्ट म्हणजे चावणं. संध्याकाळी पाळणाघरातल्या ताईंनी ‘आज याला कुणीतरी चावलं’ असं सांगितलं की वाईट वाटतं. ‘आज हा चावला’ असं सांगितलं की शरम वाटते. मूल चावरं निघालं, आपलंच कुठेतरी चुकलं, असं मनात येतं. ही शरम आधी बाजूला ठेवली पाहिजे, कारण शरमेपोटी केलेले उपायच बहुधा चुकतात. मुळात क्रम पाहा. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि दीड वर्षाच्या सुमारास पुढचे आठही दात आलेले असतात. पहिला शब्द मात्र वर्षाच्या आसपास येतो आणि ‘मला दे’ असे दोन शब्द जोडायला दुसरं वर्ष संपत येतं. म्हणजे काही महिने मुलाकडे धारदार दात असतात, ठाम इच्छा असते, पण ती सांगायला भाषा नसते. चावण्याच्या सर्वाधिक घटना याच काळात घडतात. माझं म्हणणं एवढंच आहे की चावणं हा बहुतेक वेळा न आलेला शब्द असतो, आणि त्यावरचा टिकाऊ उपाय शिक्षा नसून तो शब्द देणं हा आहे.

याला आधार आहे. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी हजारो मुलांचा लहानपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मारणं, ढकलणं, चावणं हे प्रकार शाळेत जाण्याआधीच्या वर्षांतच सर्वांत जास्त असतात आणि पुढे बहुतेक मुलांत कमी होत जातात, असं त्यांना दिसलं. मूल आक्रमक व्हायला शिकत नाही, आक्रमक न होण्याचे मार्ग शिकतं, हा त्यांचा निष्कर्ष. अर्थात प्रत्येक चाव्यामागे अडलेला शब्दच असतो असं नाही. हिरड्या शिवशिवतात, झोप अनावर झालेली असते, खोलीत गर्दी असते, कधी नुसता आनंद मावत नाही. शिवाय आपणच ‘खाऊ का तुला?’ म्हणत बाळाच्या गालाला लटकं चावतो आणि बाळ खिदळतं. त्यानं तेच प्रेम परत केलं, तर दोष कुणाचा?

म्हणून आधी आठवडाभर नोंद ठेवावी: कोणत्या वेळी, कुठे, कुणाला, आणि त्याच्या जरा आधी काय घडलं होतं. जेवणाआधीची भूक किंवा एकाच गाडीवरून झालेली ओढाताण अशा नोंदीतून लगेच कळते. मग त्या वेळी मोठ्या माणसानं हाताच्या अंतरावर बसावं आणि तोंड पुढे येताच अडवावं. तरीही चावलंच, तर आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्यावं. चावणाऱ्याला शांत, ठाम स्वरात ‘चावायचं नाही, दुखतं’ एवढंच सांगावं आणि लगेच त्याचा शब्द द्यावा: ‘सरक म्हण’, ‘मला दे म्हण’. बोलता येत नसेल तर हात पुढे करायला शिकवावं. दात येत असतील तर गार, ओला, स्वच्छ कपडा चावायला द्यावा. आई, आजी आणि पाळणाघरातल्या ताई यांचे शब्द एकच असावेत. हे एका दिवसात साधत नाही; आठवडे लागतात.

‘एकदा उलट चावून दाखवा, कळेल त्याला,’ असा सल्ला घरोघरी मिळतो. पण आपलं दुखणं आणि दुसऱ्याचं दुखणं यांची सांगड घालणं दीड वर्षाच्या मुलाला अजून नीट जमत नाही. त्याला कळतं ते इतकंच की मोठी माणसंही चावतात. मारण्याबद्दलही हेच खरं. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले. चापट्या मारण्याचा संबंध जास्त आक्रमकतेशी आढळला. यावर रास्त आक्षेप असा की द्वाड मुलंच जास्त मार खातात. परंतु तिसऱ्या वर्षीची आक्रमकता हिशेबात धरलेल्या अभ्यासातही, वारंवार मार खाणारी मुलं पाचव्या वर्षी अधिक आक्रमक दिसली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्याला चावलं त्याचं काय? त्याचा हक्क पहिला. जखम साबण-पाण्यानं धुवावी, कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवावं. पण चावणाऱ्याला पाळणाघरातून काढून टाकल्यानं तो फक्त दुसऱ्या पाळणाघरात जाऊन चावेल. त्याच्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस वाढवला, तर दोन्ही मुलं वाचतात. तीन वर्षांनंतरही चावणं थांबलं नाही, किंवा दोन वर्षं होऊनही शब्द अगदीच मोजके असतील, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावं आणि कान तपासून घ्यावेत. ज्याला ऐकूच येत नाही त्याला आपण दिलेला शब्द पोहोचणार कसा? बाकी बहुतेक मुलं ‘माझं आहे’ हे ठणकावून सांगू लागली की त्यांना दातांची गरज उरत नाही. तो ठणकावलेला ‘माझं’ कानाला उद्धट वाटला, तरी त्या दिवशी त्याचं कौतुक करावं.

पुढील लेखात : खेळणी वाटून घेणं