‘काही शंका?’ विचारल्यावर ग्रुप गप्प का होतो?

शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या आपल्या अनेक मुली आणि सुना मुक्त विद्यापीठांतून पुन्हा शिकू लागल्या आहेत. इग्नूने १९८५ पासून आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून ही वाट खुली केली. पुस्तक घरी वाचायचे, ठरल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर तासाला जायचे आणि मधल्या दिवसांत मोबाईलवरून शिक्षकांशी संपर्क ठेवायचा. यालाच आता मिश्र शिक्षण म्हणतात.

पण मोबाईलमुळे उस्ताद आणि शागिर्द खरोखर जवळ आले का?

इंग्लंडमध्ये १८४० साली टपाल स्वस्त झाले, तेव्हा आयझॅक पिटमन पत्राने लघुलिपी शिकवू लागले. विद्यार्थी सराव लिहून पाठवत आणि तो तपासून परत येई. साधन साधे पोस्टकार्डाचे, पण चूक दुरुस्त होऊन परत येत होती, म्हणून ते शिक्षण ठरले. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे वर्ग १९७१ मध्ये सुरू झाले. दूरचित्रवाणीवर पाठ दाखवले जात, तरीही स्वाध्याय तपासून शेरा लिहिणारा शिक्षक तिथे नेमलेला होताच. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांचे म्हणणे असे की, या शिक्षणातले खरे अंतर मैलांचे नसते, संवादाचे असते.

आता आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपकडे पाहा. शिक्षक पीडीएफ टाकतात, व्हिडिओ टाकतात आणि शेवटी विचारतात, ‘काही शंका?’ सगळे गप्प. म्हणजे सगळ्यांना समजले असे नव्हे. ग्रुपमध्ये आपला नंबर अनोळखी लोकांना दिसतो, म्हणून मुलगी बोलत नाही. फोन भावाचा किंवा नवऱ्याचा असतो, म्हणून ती लिहीत नाही. उर्दू माध्यमातून आलेली असेल, तर मराठीत चूक होईल आणि लोक हसतील ही धास्ती वेगळीच.

यावर उपाय अवघड नाहीत. शिक्षकाने ब्रॉडकास्ट लिस्ट वापरली, तर निरोप सगळ्यांना जातो आणि उत्तर फक्त त्यांच्याकडे येते. मात्र त्यासाठी प्रत्येकीने शिक्षकाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला हवा. ‘काही शंका?’ऐवजी ‘व्याजाच्या गणितात कोणती पायरी अडली?’ असे नेमके विचारावे. लिहायला अडखळणारीने आवाजी संदेश पाठवावा, निम्मा उर्दूत असला तरी चालेल. वहीच्या पानाचा फोटो आला, तर चुकीच्या जागी खूण करून नाव घेऊन दोन ओळींचे उत्तर द्यावे. शिक्षकालाही घरसंसार आहे, म्हणून उत्तराची वेळ ठरवून आधीच सांगावी. अशी देवाणघेवाण झाली की केंद्रावर भेटताना ती मुलगी अनोळखी राहत नाही. महिन्याभराचा न विचारलेला प्रश्नही ती समोर बसून विचारते.

घरच्यांची जबाबदारीही आहे. ‘मोबाईलवर सगळे मिळते, केंद्रावर कशाला जायचे?’ असे अनेक घरांत म्हटले जाते. मोबाईल ओळख टिकवतो, पण ती ओळख मुळात समोरासमोर जुळते. तेव्हा केंद्रावर जाण्याचा दिवस तिला चुकवायला लावू नका. घरात एकच फोन असेल, तर रोज एक तास तो तिच्या नावाचा ठेवा आणि त्या तासात तिने विचारलेले प्रश्न तिचे आणि तिच्या शिक्षकाचे राहू द्या.