पोत्यामागे राहिलेलं पाकीट

१९३५ साली गांधीजींनी ‘हरिजन’मधून सोयाबीनवर लिहिलं आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ते ताटात आलं. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात ते वावरावावरात दिसायला मात्र अर्धं शतक जावं लागलं. १९९४ मध्ये जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं ‘जेएस ३३५’ वाण आलं आणि पाहता पाहता ज्वारी मागे हटली.

बियाण्यासोबत रायझोबियम जीवाणूंच्या कल्चरचं पाकीटही आलं होतं. सोयाबीन इथल्या मातीला नवखं. त्याच्या मुळांवर गाठी धरणारे जीवाणू जमिनीत पुरेसे नव्हते, तूर-हरभऱ्याचे त्याला सहसा चालत नाहीत. आणि या पिकाची भूक मोठी. दाण्यात ४० टक्के प्रथिनं, म्हणजे क्विंटलमागे सहा किलोंवर नत्र. हेक्टरी २० क्विंटल पिकलं, तर नुसत्या दाण्यांतून सव्वाशे किलो नत्र वावराबाहेर जातं. विदर्भासाठी खताची शिफारस ३० किलो नत्राची. उरलेलं बरंचसं गाठींनीच हवेतून आणायचं.

पण गाठी भरायला स्फुरद लागतं, ते हेक्टरी ७५ किलो सांगितलेलं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्यातलं बरंच अडकून बसतं, ते सोडवायला स्फुरद विरघळवणारे जीवाणू हवेत. खत आणि कल्चर एकमेकांना पर्याय नाहीत, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. स्फुरद देणाऱ्या खतांपैकी डीएपीत गंधक नसतं, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये असतं. तेलबियांना ते हवंच, तरी कास्तकाराचा ओढा डीएपीकडेच राहिला.

पाकीट मात्र मागे पडलं. यात कास्तकाराचा दोष थोडा. नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या पाकिटातले जीवाणू पेरणीपर्यंत किती जगणार? त्यात बुरशीनाशक आणि कल्चर एकाच वेळी चोळलं, की उरलेसुरलेही मरतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जीवाणू आणि बियाणं सावलीत सुकवायचं, हा क्रम बांधावर जाऊन दाखवायला हवा होता. गुण आला नाही, म्हणून लोकांनी नाद सोडला. पीक पिवळं दिसलं की युरिया फेकू लागले आणि आयतं नत्र मिळाल्यावर मुळांनी गाठी धरणं कमी केलं. पण पिवळेपणा दर वेळी नत्राअभावीच येतो असं नाही; २०२३ ला पिवळ्या मोझॅकनं वावरं पिवळी पडली. तो पांढऱ्या माशीतून पसरणारा विषाणू, त्यावर ना युरिया कामाचा ना कल्चर.

पेरणीला महिना झाला की एक झाड मातीच्या ढेकळासकट अलगद काढावं, मुळं पाण्यात धुवावीत आणि गाठ नखानं चिरावी. आतून गुलाबी निघाली तर जीवाणू कामाला लागलेत.